वाचनाची नोंद: वही, ॲप आणि आकड्यांचा आक्षेप

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नोंदीला वही पुरते, ॲप आलं की वाचन मागे पडून आकडे पुढे येतात, आणि मराठी पुस्तकं तिथे सापडतच नाहीत.

आकड्यांचं पटलं. ‘वर्षाला ५० पुस्तकं’ असं ठरवलं की डिसेंबरात हात ऐंशी पानी पुस्तकांकडेच जातो आणि सातशे पानांची कादंबरी कपाटात राहते. पण हा दोष लक्ष्याचा, नोंदीचा नव्हे. गुडरीड्स या वाचननोंदीच्या ॲपचं वार्षिक चॅलेंज (वर्षात किती पुस्तकं वाचणार याचं लक्ष्य) घेतलंच पाहिजे असं नाही. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या ॲपमध्ये पानांचं किंवा तासांचं लक्ष्य ठेवता येतं, ते जास्त प्रामाणिक. तरी पहिले दोन महिने तेही नको. मोडलेली सवय बसवताना ठरलेल्या वेळी रोज १२ पानं, फोन दुसऱ्या खोलीत, बस्स. अडीचशे पानी पुस्तक तीन आठवड्यांत होतं. सुरुवात कथासंग्रहाने करा. कादंबरीत चार दिवस खंड पडला की पात्रं आठवायला मागची पानं उलटावी लागतात, आणि पुष्कळांचं वाचन तिथेच अडतं. आळसाचं नाव उगाच. ५० पानांत रस वाटला नाही तर खुशाल सोडा. स्टोरीग्राफमध्ये अर्धवट सोडलेल्या पुस्तकांसाठी वेगळी नोंद आहेच.

मराठी पुस्तकं सापडत नाहीत हे अर्धंच खरं. बारकोड स्कॅन आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर चालतं; जुन्या आवृत्त्यांवर तो नसतो, दिवाळी अंकांवरही सहसा नाही. मग नावाने शोधा, आधी देवनागरीत, नंतर रोमनमध्ये. कुणीतरी भलत्याच स्पेलिंगने नोंदवलेलं असतं. नाहीच मिळालं तर स्वतः भरा, आणि पानसंख्या विसरू नका, नाहीतर ‘किती टक्के वाचलं’ हे ॲपला सांगता येत नाही. ॲप निवडताना परीक्षणं वाचत बसण्यापेक्षा घरातली पाच पुस्तकं घ्या: एक नवं, एक जुनी आवृत्ती, एक कवितासंग्रह, एक अनुवाद, एक दिवाळी अंक. ज्यात कमी डोकेदुखी ते तुमचं.

वही वाईट नाही. पण पुस्तक प्रदर्शनात ‘हे आपल्याकडे आहे का?’ असा प्रश्न पडला की वही घरी असते.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारायला हवी होती: ॲप बंद पडलं तर? नोंदी बाहेर काढता येत नसतील तर ते ॲप घेऊच नका. गुडरीड्समध्ये संगणकावरून ‘माय बुक्स’मधल्या ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’वर गेलं की सगळ्या नोंदींची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) मिळते. ती एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडली तर मराठी नावांच्या जागी बहुधा अगम्य चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-८ (देवनागरी नीट दाखवणारी अक्षरसंकेत पद्धत) निवडा. काही बदलून सेव्ह करू नका, मूळ प्रत तशीच राहू द्या. स्टोरीग्राफ ही फाइल थेट घेतं. त्यानंतर मराठी पुस्तकं तेवढी एकेक तपासा, कारण आयएसबीएन नसलेली पुस्तकं गळतात किंवा दुसऱ्याच आवृत्तीला जोडली जातात.