पाच ओळींत वेबसाइट, म्हणे!

फ्लास्क म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन. ते शिकवणारे सगळे व्हिडिओ एकाच साच्यातले. पाच ओळी लिहायच्या, ब्राउझरमध्ये 'हॅलो वर्ल्ड' आणायचं आणि "देखा, कितना आसान है!" म्हणत मोकळं व्हायचं. अरे भिया, ते हॅलो वर्ल्ड घेऊन मी काय करू? मला आईच्या फराळाच्या ऑर्डरी मांडायच्यात. कोणाला चकली अर्धा किलो, कोणाला अनारसे, लोकमान्यनगरच्या काकूंचे पैसे आले की राहिले. बस, एवढंच!

तर सुरुवातीलाच व्हिडिओतले सर सांगतात, ॲप कुठल्या फाइलीत आहे ते फ्लास्कला कळवायला टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) 'एक्स्पोर्ट' लिहा. विंडोजमध्ये ते चालतच नाही. दुसरे म्हणतात 'सेट' लिहा. सेट जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालतं. विंडोजच्याच नव्या पॉवरशेलमध्ये मात्र ते मुकाट्यानं घेतलं जातं, एरर नाही की काही नाही, आणि मग फ्लास्क म्हणतं ॲप सापडलंच नाही. इंदूरमध्ये घरोघरी विंडोजचे लॅपटॉप आहेत हो, शिकवताना एक वाक्य त्यांच्यासाठी टाकायला काय जातं?

मग 'फ्लास्क एन्व्ह डेव्हलपमेंट करा', म्हणजे कोड बदलला की सर्व्हर आपोआप नव्यानं सुरू होईल. केलं. कोड बदलतोय, सेव्ह करतोय, पानावर ढिम्म फरक नाही. कारण २०२३ मध्ये आलेल्या २.३ आवृत्तीतून ती सोयच काढून टाकलीय! आता 'फ्लास्क रन' पुढे डॅश डॅश डीबग लिहायचं. डेटाबेसच्या टेबलांसाठी जे 'बिफोर फर्स्ट रिक्वेस्ट' दाखवतात, तेही त्याच आवृत्तीत गेलं. ते काढून टेबलं बनवणारं 'क्रिएट ऑल' सरळ लिहिलं, तर 'वर्किंग आउटसाइड ऑफ ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट' अशी एरर. म्हणजे काय, ते कोणी सांगायचं? 'विथ ॲप डॉट ॲप कॉन्टेक्स्ट' ही एक ओळ वर हवी होती. एक ओळ! तिच्यापायी अख्खा रविवार गेला.

फ्लास्कवर माझा राग नाही. आर्मिन रोनाखरनं २०१० मध्ये एप्रिल फूलच्या गमतीतून ते सुरू केलं. गाभा लहान, रूटिंगचं काम (कुठल्या पत्त्याला कुठला कोड) वर्कझ्युग नावाच्या लायब्ररीकडे, टेम्प्लेट (पानांचे साचे) जिंजा या दुसऱ्या लायब्ररीकडे, डेटाबेस आणि लॉगिन तुमचं तुम्ही निवडा, हे ते लोक उघड सांगतात. बदल काय झाले तेही आवृत्तीनुसार लिहून ठेवतात. राग आहे तो जुनाच माल 'लेटेस्ट' म्हणून खपवणाऱ्यांवर. इथल्या भंवरकुआँ भागातल्या एका क्लासनं माझ्या मावसभावाकडून फी घेतली ती रोख, आणि नोट्समध्ये आवृत्तीचा आकडा कुठेच नाही. त्यानं विचारलं तर म्हणे, "कॉपी-पेस्ट में गड़बड़ की होगी." पोरगा बिचारा दोनदा तपासून आला, अक्षरन् अक्षर तेच होतं.

आणि सगळं चालल्यावर आई विचारते, "माझ्या फोनवर कधी दिसणार रे?" कारण १२७.०.०.१ हा पत्ता फक्त माझ्याच लॅपटॉपपुरता. त्यावर एका महाभागाचा उपाय: होस्ट ०.०.०.० करा, म्हणजे वायफायवरच्या इतरांनाही साइट दिसेल, आणि डीबग चालूच ठेवा. म्हणजे वायफायवर बसलेल्या कोणालाही डीबगरचा (चूक शोधायच्या सोयीचा) पिन मिळाला, की माझ्या लॅपटॉपवर हवा तो पायथन कोड चालवायला तो मोकळा! सर्व्हर सुरू होताच 'हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, प्रॉडक्शनमध्ये वापरू नका' अशी सूचना समोर येते, आणि हे सर काय करतात, तर "इसे इग्नोर कीजिए" म्हणून स्क्रीन पुसून टाकतात.