अँटिबॉडीचं हळदीकुंकू

काचबिंदू म्हटलं की लोक डोळ्यांत टाकायच्या थेंबांवर येतात. रबाळ्याच्या एमआयडीसीत आम्ही मात्र मायोसिलिनच्या मागे लागलोय. ५०४ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, काचबिंदूशी त्याच्या जनुकाचं नातं १९९७ साली उघड झालं. बिघडलेलं मायोसिलिन पेशीबाहेर पडत नाही, आतच गोळा होतं आणि डोळ्यातल्या पाण्याचा निचरा करणाऱ्या जाळीच्या पेशी हैराण होतात. ते दिसायला त्याला, आणि फक्त त्यालाच, चिकटणारी अँटिबॉडी हवी. सगळी गोम त्या 'फक्त'मध्ये.

ती सशाकडून बनवून घ्यायची. मायोसिलिनचा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा घ्यायचा, तो केएलएच या भल्यामोठ्या प्रथिनाला जोडायचा (एकट्या तुकड्याला ससा भीक घालत नाही), प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी मिळाली की सशाला टोचायचं, मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायचं. पहिल्या टोचणीआधी सशाचं थोडं रक्त काढून ठेवायचं. ते काढायचं राहिलं, तर पुढच्या चाचणीत दिसणारा पट्टा आपल्या कष्टाचा की सशाच्या जन्माचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तुकडा निवडतानाच खरी मेख आहे. बहुतेक बिघाड मायोसिलिनच्या ऑल्फॅक्टोमेडिन नावाच्या भागात असतात, म्हणून तिथला घ्यावा, तर त्या घराण्यातल्या बाकीच्या प्रथिनांची नाकंही तशीच. अगदी शेपटीचा घ्यावा, तर नेहमी सापडणाऱ्या एका बिघाडात साखळी ३६८व्या जागीच तुटते. म्हणजे ज्याला पकडायचं, त्याला नेमकी शेपूटच नाही!

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडी कुणाला चिकटते ते पट्ट्यांवरून पाहायची चाचणी. पट्टा साधारण ५५ किलोडाल्टनपाशी (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) यावा, बरेचदा जोडीनं येतो, कारण एकाला साखर चिकटलेली असते. आमची अँटिबॉडी मात्र मायोसिलिनचं दार सोडून अख्ख्या सोसायटीत हळदीकुंकू लावत फिरते. त्यावर उतारा म्हणजे ५ टक्के दूधपावडरीत तासभर ब्लॉकिंग (म्हणजे नको त्या जागा आधीच झाकणं), अँटिबॉडी १:१००० वरून १:५००० पातळ, ट्वीन हा साबणासारखा पदार्थ घातलेल्या बफरनं दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या. तरी विश्वास ठेवू नये. मायोसिलिनचं जनुकच काढून टाकलेल्या पेशीही शेजारी चालवाव्यात. तिथेही पट्टा हसत उभा असेल, तर तो तोतया. उलट जाळीच्या पेशींना काही दिवस डेक्सामेथासोन हे मायोसिलिन वाढवणारं स्टिरॉइड दिल्यावर खरा पट्टा गडद व्हायला हवा.

इतकं करून पास झालेली अँटिबॉडी छोट्या-छोट्या नळ्यांत वाटून गोठवायची, पुन्हा पुन्हा वितळली की ती कामातून जाते. नळ्या बर्फात, बर्फ थर्माकोलच्या डब्यात आणि डबा ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मांडीवर. शेजारी हमखास विचारतो, "पापलेट काय भाव?" नाही म्हणून पाहिलंय. कोपरखैरण्यापर्यंत मायोसिलिन समजावतो, तुर्भ्याला तो म्हणतो, "म्हणजे बोंबील."