व्याजदर उतरणार, तुम्ही चढा!

गेल्या आठवड्यात आईच्या एफडीची मुदत संपली. शाखा कोपऱ्यावरच, ओळख जुनी. तिथून ती काय घेऊन आली ते पुढे सांगतो. आधी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जवळ आलं की शेअर बाजारात कसं वागायचं, ते शिकून घ्या.

बैठकीच्या आठवडाभर आधीच टीव्हीसमोर ठाण मांडा. टायवाले तज्ज्ञ 'पाव टक्का कपात नक्की' म्हणाले रे म्हणाले, की बँका, गाड्या, बिल्डर, दिसेल तो शेअर उचला. ही खबर फक्त तुम्हालाच लागलीय. दलाल स्ट्रीटवर अजून कुणाच्या कानी गेलेली नाही.

7 फेब्रुवारी 2025 ला जवळपास पाच वर्षांनी कपात झाली, रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आला आणि सेन्सेक्स दोनेकशे अंकांनी पडून बंद झाला, हे मनाला लावून घेऊ नका. 9 एप्रिलला पुन्हा पाव टक्का, पुन्हा घसरण. त्याच दिवशी ट्रम्पसाहेबांचं आयातशुल्क डोक्यावर होतं, पाव टक्क्याला कोण विचारतो? जूनमध्ये मात्र बहुतेक जण पाव म्हणत असताना अर्धा टक्का कापला गेला, तेव्हा बाजार उसळला. म्हणजे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेलं आलं तर थंडा कारभार, न धरलेलं आलं तर दिवाळी. पण तुम्ही हा हिशेब करायला लागलात तर चॅनल बघणार कोण?

दर का कापताहेत, हे विचारायचं नाही. मागणीच मंदावली म्हणून कापत असतील तर कंपन्यांचा नफा कुठून वाढणार, असले प्रश्न अपशकुनी.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून 6.50 वर गेला आणि तरीही 2023 संपताना सेन्सेक्स 72 हजारांवर होता. हे पोरांना सांगू नका, बिघडतील.

गृहकर्ज जुनं, एमसीएलआरवालं (रेपोला नव्हे, बँक स्वतः ठरवते त्या दराला जोडलेलं) असेल तर हप्ता उतरायची वाट बघा. बघतच राहा.

आता एफडी. तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडलांना बँकेत एकटंच पाठवा. डिसेंबर 2025 मध्ये रेपो 5.25 वर आला, ठेवींचे दर घसरलेत, आईचं तिमाही व्याज खरंच कमी होणार होतं. टेबलामागचा मुलगा फार गोड. 'काकू, व्याज आता उतरतच जाणार. एफडीत काय उरलंय? मार्केट वर जाणार, तुमचे पैसे इकडे टाकू. एफडीसारखंच आहे.' एफडीसारखंच! आई 63 वर्षांची, औषधं आणि लाइटबिल त्या व्याजावर. हातात काय पडलं? युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र बांधलेली पॉलिसी. पाच वर्षं पैसे अडकलेले, वर दरवर्षी एक लाखाचा हप्ता भरायचा. कुठून भरायचा? तर म्हणे तेव्हा बघू! शाखेत जाऊन विचारलं तर साहेबांनी चहा मागवला आणि म्हणाले, 'मॅडमनी स्वतः ओटीपी दिलाय.' दिलाच ना! तुमच्या त्या टेबलामागच्या मुलानं 'काकू, तो नंबर सांगा' म्हटल्यावर दिला.

नको आता ही थट्टा. बँकवाल्यांनो, लाज वाटायला हवी तुम्हाला. पाव टक्क्याची भीती घालून एका बाईचं महिन्याचं औषध बाजारात लावता, टार्गेट तुमचं आणि जोखीम तिची? आणि 'रेट कट आला, बाजार पळणार' असले मेसेज सकाळ-संध्याकाळ ढकलणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. माझी आई हे वाक्य बँकेत पहिल्यांदा ऐकत नव्हती. आपल्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर तिनं ते आधी चार वेळा वाचलं होतं, म्हणून तर पटलं. त्यातला एक मेसेज माझाच होता.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. अर्ज घेऊन गेलो, तर म्हणे 'सोमवारी या.' शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत त्या खुर्चीवरून उठलो नाही. चहा मात्र या वेळी कुणी विचारला नाही.