'टो मारला की झालं' म्हणणाऱ्यांनी आधी टायरवर हात फिरवून बघा

ऑफरोडवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, बहुतेकांनी पाहिला असेल. म्हणणं असं, की हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप गाडी लिफ्ट किट टाकून दोन इंच उचलली तर अलायमेंटची, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याची, फार भानगड नको, किट बोल्ट-ऑन असतं, फार तर टायरवाल्याकडे टो (वरून पाहिलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) मारून घ्या, मशीनवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे रेंजमध्ये, दिसले की विषय संपला, कॅस्टरने (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) टायर झिजत नाही म्हणून तो सोडून द्या आणि मागे तर पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, तिथे करायला काही नसतंच. मी गप्प बसणार होतो, पण काल एकाने नवीन किट टाकून हाच मेसेज मला पुरावा म्हणून दाखवला. (लिफ्ट कायद्यात बसते का, त्यावर वेगळं भांडू.)

बोल्ट-ऑन म्हणजे कापाकापी आणि वेल्डिंग न करता बसतं, बस एवढंच. पुढे स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) टाकला की चाक धरणारे दोन्ही आर्म खाली झुकतात, वरचा आखूड खालचा लांब, त्यामुळे चाकाचं डोकं बाहेर पडायला लागतं म्हणजे कँबर पॉझिटिव्हकडे सरकतो, आणि स्टिअरिंगचा टाय रॉड तिरका होऊन चाकाला ओढतो. टो आत जाणार की बाहेर हे स्टिअरिंग रॅक चाकांच्या पुढे आहे की मागे यावर, पण हलणार नक्की. आता हिशोब करा, प्रत्येक पुढचं चाक अर्धा अंश जरी आत वळलेलं राहिलं तरी दर किलोमीटरला ते जवळपास 8.7 मीटर आडवं घासतं, म्हणजे पुणे-कोल्हापूर एका फेरीत दोनेक किलोमीटर नुसतं आडवं. माझ्या गाडीला हेच झालं होतं, टायरवर बाहेरून आत हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीसारखं बोटाला लागायचं.

मग टो मारून घेतला. टायर वाचले, पण गाडी सरळ चालेना, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ कॅस्टरचीच आहे. सायकलचा चिमटा जसा मागे कललेला असतो ना, तोच हा कल, त्याच्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. लिफ्ट केल्यावर हा कल कमी होतो. खंबाटकीच्या प्रत्येक वळणानंतर मला स्टिअरिंग हाताने परत आणावं लागत होतं, आणि हायवेला 100 च्या पुढे गाडी अशी पोहायला लागायची की बायको म्हणाली झोप आलीय का तुम्हाला. टायर झिजत नाही हे खरंय हो, पण ट्रक ओलांडताना टायरच्या आयुष्याचा विचार कोण करतो?

हायलक्सच्या लोअर आर्मला कॅम बोल्ट (फिरवले की आर्मची जागा सरकते असे) असतात, ते फिरवून कँबर आणि कॅस्टर दोन्ही थोडे जुळवता येतात, पण बोल्ट तेच असल्यामुळे कँबर जागेवर आणता आणता कधी कधी कॅस्टरला जागाच उरत नाही. तेव्हा वेगळे अप्पर आर्म लागतात, ज्यांचा बॉल जॉइंट (चाकाकडचा सांधा) थोडा मागे सरकवलेला असतो. खर्चिक आहे, मान्य. पण तो किटच्या बजेटमध्येच धरायचा असतो.

हिरव्याबद्दल काय बोलायचं. मशीनमध्ये कंपनीच्या उंचीचे आकडे भरलेले असतात, गाडी उचललीय हे त्या बिचाऱ्याला माहीत नसतं, आणि रेंज एवढी मोठी असते की डावीकडे एका आणि उजवीकडे दुसऱ्या टोकाचा कॅस्टर असला तरी दोन्ही हिरवे, गाडी मात्र कमी कॅस्टरच्या बाजूला ओढणार. आणि कॅस्टर मोजायला चाकं डावी-उजवी वळवावी लागतात. पोऱ्याने स्टिअरिंगला हातच लावला नाही तर कॅस्टरचा आकडा आला कुठून? आधीचा आणि नंतरचा प्रिंट मागून घ्या, देत नसेल तर दुसरं दुकान.

मागच्या पाट्यांना टो-कँबरचं ॲडजस्टमेंट नसतं, इथे मेसेज बरोबर आहे. पण मागे ब्लॉक (ॲक्सल आणि पाट्यांमध्ये उंचीसाठी घालायचा ठोकळा) टाकताना ॲक्सल पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट सोडतात, आणि एका बाजूची पिन भोकात नीट बसली नाही तर अख्खा ॲक्सल तिरका बसतो, मग गाडी खेकड्यासारखी चालते आणि स्टिअरिंग वाकडं धरूनच सरळ जावं लागतं. म्हणून चारही चाकांवर सेन्सर लावूनच मोजायचं.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट चाकं लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर पिळलेलंच राहतं, लवकर फाटतं, आणि उंचीही खोटी दिसते. गाडी जमिनीवर उभी करून बोल्ट आवळायचे, मग अलायमेंट. माझ्याकडे हे उलटं केलं होतं, म्हणून पैसे दोनदा गेले. नवीन स्प्रिंग थोडी बसतेच, त्यामुळे हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा मोजून घ्या, मी घेतलं तेव्हा टो परत सरकलेला होता.