त्या पाटीवर शिंगरोबा कुठाय?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनियाकडे राहणाऱ्या मित्रमंडळींनी रस्त्याकडेच्या, त्या जागेचा इतिहास सांगणाऱ्या रुपेरी पाट्या बघितल्याच असतील. ओतीव धातूच्या, काळ्या अक्षरांच्या. नॉर्थ कॅरोलायनात हा सरकारी उपक्रम १९३५ पासून चालू आहे. मजकूर इतिहासाच्या प्राध्यापकांची समिती बघते, आणि तो जाता जाता वाचून होईल इतका तोकडा असतो. 'अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नातून' नाही, हात जोडलेला फोटो नाही. एवढ्यावरच मी या पाट्यांवर फिदा आहे.

पण 'ग्रेट वॅगन रोड'च्या पाट्या वाचल्या की माझी चिडचिड होते.

हा रस्ता म्हणजे अठराव्या शतकातली गाडीवाट. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग शेनँडोआ खोऱ्यातून रोअनोक आणि खाली कॅरोलायनात. खोऱ्यात आजचा आय-८१ महामार्ग बराचसा तिच्याच अंगाने जातो. जर्मन आणि स्कॉट्स-आयरिश कुटुंबं जमीन शोधत याच वाटेने दक्षिणेत उतरली. १७५० च्या दशकातल्या फ्राय-जेफरसन नकाशावर यॅडकिन नदी ते फिलाडेल्फिया हे अंतर ४३५ मैल दिलंय. (यातला जेफरसन म्हणजे थॉमस जेफरसनचे वडील पीटर.)

रस्ता म्हणायचा, पण अवस्था काय होती ते मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या रोजनिशीत वाचावं. १७५३ च्या ऑक्टोबरात पंधरा जण पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमहून गाडी घेऊन निघाले आणि १७ नोव्हेंबरला नॉर्थ कॅरोलायनातल्या आजच्या विन्स्टन-सेलमजवळ पोचले. चढ आला की सामान उतरवून पाठीवर वाहायचं. उतारावर चाकं जखडायची, गाडीच्या मागे अख्खं झाड बांधायचं आणि सगळ्यांनी ते जीव खाऊन मागे ओढून धरायचं. तरी गाडी आवरायची नाही, माणसं धडपडायची. आपल्या घाटात ब्रेक गरम झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे वाचाच.

तर या लोकांचं कौतुक पाटीवर असतं, आणि ते असायलाच हवं. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. ही वाट त्यांनी पाडली नव्हती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी इरोक्वा लोक, कटॉबा आणि चेरोकी या दुसऱ्या मूळ जमातींशी लढायला, व्यापाराला याच खोऱ्यातून ये-जा करायचे. नदीला उतार कुठे, डोंगरात खिंड कुठे, हे सगळं त्यांच्या पायाखालचं. १७४४ साली लँकेस्टरच्या तहात इरोक्वांनी या खोऱ्यावरचा हक्क सोडला आणि मागोमाग गाड्यांची रीघ लागली. पाटीवर यातलं काय येतं? मी वाचलेल्यांपैकी एखाद्या पाटीवर 'जुनी इंडियन पायवाट' एवढे तीन शब्द. बाकीच्यांवर तेही नाहीत.

इथे मला हमखास बोरघाटातला शिंगरोबा आठवतो. इंग्रजांना घाटातली वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली असं लोक सांगतात. कागदोपत्री पुरावा मागाल तर पंचाईत आहे. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. आपण वारसा जपण्यात फार हुशार आहोत अशातला भाग नाही. १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुरुंग लावून पाडला. पण वाट दाखवणाऱ्याला आपल्या लोकांनी विसरू दिलं नाही, आणि त्यासाठी कुठली समितीही बसली नव्हती.

'पाटीवर जागाच किती असते!' असं कोणी म्हणेल. मान्य. म्हणून मीच बसून मजकूर केला, त्यांच्याइतकाच आखूड:

'इरोक्वा, कटॉबा, चेरोकी यांची जुनी वाट. १७४४ च्या तहानंतर वसाहतवाल्यांच्या गाड्यांचा रस्ता. फिलाडेल्फिया ते कॅरोलायना. इथून जवळून जात असे.'

यातला कुठला शब्द जास्त होतोय ते कमेंटमध्ये सांगा.