खुलासा : एलायझा हॅमिल्टन आणि न्यूयॉर्कचा अनाथाश्रम

'अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पत्नी एलायझा यांनी एकटीने न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम काढला' हा मेसेज फिरतो आहे (हॅमिल्टन म्हणजे अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री). तो अर्धाच खरा आहे.

ती संस्था १८०६ मध्ये अनेक स्त्रियांनी मिळून उभारली. इझाबेला ग्रॅहम आणि त्यांची लेक जोआना बेथ्यून त्यांत होत्या. संस्था आजही चालू आहे, तिचा स्वतःचा इतिहास हेच सांगतो आणि तिच्या 'ग्रॅहम विंडहॅम' या नावात ग्रॅहमबाई आहेत.

एलायझांचं मोठेपण याने तसूभरही घटत नाही. १८०४ मध्ये द्वंद्वात पती गेले, पदरी मुलं, डोक्यावर कर्ज. तरी दोन वर्षांत त्या या कामात उतरल्या. १८२१ ते १८४८ संस्थेच्या प्रमुख होत्या. नव्वदी गाठेपर्यंत!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.