ताईच्या वेळी एनडीएचं दार बंदच होतं

ले. जनरल माधुरी कानिटकरांवरचा लेख आवडला. एएफएमसीची, म्हणजे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची, विद्यार्थिनी तिथेच अधिष्ठाता होते आणि २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल, हे आम्हा पुणेकरांना मिरवायला बरंच. पण त्या डॉक्टर, वैद्यकीय शाखेतल्या. लष्कराच्या बाकी शाखांमध्ये मुलींना घ्यायला १९९२ उजाडलं, तेही अल्पमुदतीवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतंच, हे लेखात एका ओळीत उरकलंय.

माझी मोठी बहीण त्यातलीच. लष्कराच्या सिग्नल्समध्ये (संदेशवहन शाखेत) चौदा वर्षं काढून २०१० ला घरी आली. पेन्शनला वीस वर्षं लागतात, त्यामुळे हातात काही नाही. बायकांना निवृत्तीपर्यंत नोकरीत राहू देणाऱ्या कायम कमिशनचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला फेब्रुवारी २०२० मध्ये. तोवर ताई हिंजवडीतल्या एका कंपनीत सिक्युरिटी बघत होती. मुलाखतीत तिला विचारलं होतं, "मॅडम, रात्रपाळी जमेल ना?" ताई म्हणाली, सियाचिनला कुणी विचारलं नव्हतं!

त्या कंपनीत बायका गार्ड जनरेटरच्या आडोशाला, एकीनं ओढणी धरायची नि दुसरीनं गणवेश बदलायचा, अशा तयार व्हायच्या. ताईनं महिनाभर भांडून त्यांना कडी असलेली खोली मिळवून दिली. गेटवरची पर्स तपासणी सोडून कंट्रोल रूममध्येही बसवलं. याला कुणी पदक देत नाही म्हणा.

गेल्या वर्षी, ३० मे २०२५ ला, खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ताई टीव्हीसमोर उभी राहूनच त्यांचं संचलन बघत होती. मधेच म्हणाली, "तिसरीचा हात बघ, जरा खाली जातोय."